शब्दकोड्यांचं मोठ्या अक्षरातलं पुस्तक : घ्या, पण पेन्सिलनेच सोडवा

ठाणे स्टेशनला वेस्टला पेपरच्या स्टॉलवर शब्दकोड्यांची पुस्तकं लटकवलेली असतात ना, त्यातलं मोठ्या अक्षरांवालं साठ रुपयांचं घेतलं, बाबांसाठी म्हणून, आणि आता आधी कोण सोडवणार यावरून घरात रोज ओढाताण चालू आहे. पैसे वसूल आहेत, आधीच सांगते.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे मागे नुसती उत्तरं नाहीत, अवघड शब्दांचे अर्थ पण दिलेत. एका कोड्यात क्लू होता "दात", दोन अक्षरी. मी रद लावलं, बाबांनी दंत, पण उभ्या शब्दावरून दुसरं अक्षर ज पक्कं होतं त्यामुळे दोन्ही बाद. उत्तर निघालं द्विज! द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला. दुधाचे दात पडून परत येतात म्हणून दात, आधी अंडं आणि मग अंड्यातून पिल्लू म्हणून पक्षी, आणि मुंज हा दुसरा जन्म मानतात म्हणून मुंज झालेला माणूस. पुढच्या कोड्यांत हाच शब्द "पक्षी" आणि "मुंज झालेला" असे क्लू देऊन परत आणलाय, आणि तोपर्यंत आपण पहिला अर्थ धरून बसलेलो असतो. कोडं रचणाऱ्याला खरंच मानलं. अजचंही तसंच, एकदा बोकड, एकदा दशरथाचे वडील.

आता जे खटकलं ते. ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष नाहीये. आडवा "सूर्य", उभं "सरस्वतीचं वाद्य", दोघांचा चौकोन एकच, म्हणजे रवी आणि वीणा अगदी बरोबर बसतात कारण मराठीत शेवटचा ई दीर्घच लिहितात, पण उत्तरात छापलंय रवि. मग त्या चौकोनात वि लिहायचा का वी? लहान मुलं यातून शब्द शिकतात हो, एवढं तरी तपासायला हवं होतं. दुसरं एका ठिकाणी जोडाक्षर तोडून दोन चौकोनात टाकलंय, तिथे आम्ही संध्याकाळभर अडकलो आणि चूक छपाईची निघाली. कागद पण पातळ आहे, बॉलपेनने लिहिलं की मागच्या कोड्यात उमटतं.

तरी मी अजून एक घेतलं, ऑफिसच्या बॅगेत ठेवायला. ट्रान्स हार्बर लोकलला बसायला मिळालं तर ठाणे ते ऐरोलीत अर्धं कोडं आरामात होतं, आणि एखादा अर्थ पटला नाही तर मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश, त्याची १८५७ सालची दुसरी आवृत्ती, नेटवर फुकट बघता येतो, मी मोबाईलवर तोच उघडते. उत्तरांचं पान मात्र आधी बघू नका, क्लिपने बंद करून ठेवा. आणि घरात कोणाला बारीक अक्षर दिसत नसेल तर हेच मोठ्या अक्षरांचं मागा, बारीक छपाईवालं पण तिथेच असतं आणि कव्हर जवळपास सारखंच आहे.