सेमाडोह की कोलकास?

पुतण्या विचारतो, मेळघाटात सिपना नदीकाठी दोन रात्री काढायच्या, तर सेमाडोहला की कोलकासला?

परतवाड्याहून धारणीकडे जाताना आधी सेमाडोह लागतं, कोलकास पंधराएक किलोमीटर पुढे. नदी तीच, इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत सिपना म्हणजे साग.

सेमाडोह हे गावच. सामूहिक निवासामुळे खर्च माणशी कमी, विसरलेली काडेपेटीही मिळते. पण वर्दळ असते. कोलकासचं विश्रामगृह नदीच्या काठावर, उंचावर. संध्याकाळी खाली पाण्याकडे बघत बसलं की जेवायचीही आठवण राहत नाही. (सामान मात्र परतवाड्यातूनच भरून ने, बाबू.) डिसेंबरची थंडी दोन्हीकडे सारखीच बोचते.

दहाबारा जणांचा गोतावळा, सोबत लेकरं असली तर सेमाडोह. गप्प बसता येणारे दोघंचौघं असाल तर कोलकास.