रंग नंतर येतो, असे सांगून विकलेले मासे

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातल्या एका लहान गावात मी शिक्षक आहे. आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात आणि गावाला लागूनच जुना मालगुजारी तलाव आहे. पण मी वाढलो त्या घरात मासा ताटातही येत नसे, त्यामुळे मासा ओळखण्याची नजर मला कधी आली नाही. शोभेचे मासे विकत घेताना माझी फसवणूक नेमकी याच अज्ञानामुळे झाली. गेलेली रक्कम ६,४०० रुपये आहे. ती मला मोठी आहेच, पण त्याहून अधिक दुःख त्या जिवांचे झाले, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

दोन वर्षे पैसे साठवून मी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी बांधून घेतली. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ६८० लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन जवळपास सात क्विंटल होते. म्हणून १२ मिलिमीटर जाडीची काच घेतली आणि लोखंडी अँगलचा स्टँड तळमजल्यावरच्या पक्क्या फरशीवर ठेवला. एवढी लांबी हवी होती, कारण मला कोपऱ्यात स्थिर राहणारे नव्हे, तर थव्याने दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहणारे मासे पाळायचे होते. मासे आणण्याआधी सहा आठवडे मी फिल्टर तसाच चालवला आणि रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकत राहिलो, जेणेकरून अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला येतील.

मासा कोणता, हेही विचार करूनच ठरवले होते. आमच्या बोअरवेलचे पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेले आहे, त्यात पुष्कळशा शोभेच्या माशांचे बरे चालत नाही. बोसमनी रेनबो या माशाला मात्र असेच थोडे जड आणि अल्कधर्मी पाणी मानवते. हा मासा मूळचा इंडोनेशियाच्या पश्चिम पापुआतील अयामारू तलावांच्या परिसरातला असून १९८० मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. मोठ्या नराचा पुढचा अर्धा भाग निळसर करडा आणि मागचा अर्धा भाग नारिंगी असतो. आठ-दहांच्या थव्यात नर एकमेकांसमोर रंग फुलवतात, आणि ते दृश्य सकाळच्या उजेडात फार सुंदर दिसते, असे मी वाचले होते.

फेब्रुवारीत मोबाइलवर एका विक्रेत्याची जाहिरात दिसली. तो स्वतःला नागपूरचा घाऊक व्यापारी म्हणवत होता. त्याने एका मोठ्या टाकीतल्या पूर्ण रंगात आलेल्या थव्याचा व्हिडिओ पाठवला आणि सांगितले, ‘सर, हे आईबाप आहेत, तुम्हाला यांचीच पिल्ले मिळतील. पिल्ले रुपेरी असतात, रंग सहा-आठ महिन्यांनी येतो.’ मी पडताळून पाहिले, तर हे म्हणणे अगदी खरे निघाले. बोसमनीची पिल्ले खरोखरच फिकट, रुपेरी असतात आणि त्यांचा रंग वयाबरोबर भरतो. त्याचे एक वाक्य खरे निघाल्यावर बाकीच्यांची शहानिशा मी केलीच नाही, आणि आज मला वाटते की ते खरे वाक्य त्याने त्यासाठीच वापरले होते.

२२० रुपये नग या दराने २० पिल्लांचे ४,४०० रुपये आणि पॅकिंग, ऑक्सिजन व गाडीभाडे यांचे ५०० रुपये, असे ४,९०० रुपये मी आगाऊ पाठवले. मासे जिवंत पोहोचण्याची हमी होती. अट एवढीच की खोका उघडताना एकसलग व्हिडिओ काढायचा आणि मेलेला मासा बंद पिशवीतच दाखवायचा. रायपूरकडे जाणाऱ्या खासगी बसने थर्माकोलचा खोका साकोलीला पहाटे उतरला. मी अटीप्रमाणे व्हिडिओ काढला. पिशव्यांत चार मासे मेलेले होते. विक्रेत्याने लगेच दिलगिरी व्यक्त केली आणि सांगितले की चारांऐवजी सहा नग पाठवतो, फक्त नव्या पार्सलचा खर्च म्हणून १,५०० रुपये आधी भरा. ते मी भरले. ते सहा मासे कधीच आले नाहीत. आधी बस चुकली, मग माल यायचा होता, मग घरी लग्न निघाले, असे तो सांगत राहिला.

घरी असलेल्या सोळा माशांचे काय होत आहे, हे मला समजत नव्हते. ते थव्याने फिरत, पण खाद्याकडे जवळपास वळतच नसत. पोट आत जाऊ लागले. पाणी तपासले, तर अमोनिया नव्हता. मी विचारले की तो म्हणे, ‘सर, नव्या जागेला रुळायला वेळ लागतो, रंग आला की खातील.’ साधारण दर आठवड्याला एक मासा तळाशी पडलेला सापडे. मी दिवे बदलले, खाद्य बदलले, रात्री वीज गेल्यावर बॅटरीच्या पंपाने हवा सोडत जागा राहिलो. सात आठवडे असेच गेले आणि नऊ मासे उरले.

गावातल्या मत्स्य सहकारी संस्थेत काम करणारे एक वयस्क ढिवर काका दाखल्याच्या कामासाठी घरी आले होते. टाकीसमोर क्षणभर उभे राहून ते म्हणाले, ‘गुरुजी, हे तं सिल्व्हरची बोटुकली होय. आम्ही तलावात सोडतो थे.’ बोटुकली म्हणजे बोटाएवढे वाढलेले मत्स्यबीज. सिल्व्हर कार्प, ज्याला चंदेरा म्हणतात, त्याचे हे बीज संस्था हजारांच्या हिशेबाने विकत घेऊन तलावात सोडतात आणि एका नगाला जेमतेम काही रुपये पडतात. काकांनी मला त्याचा डोळा दाखवला. चंदेऱ्याचा डोळा डोक्याच्या मानाने खूप खाली, जवळजवळ तोंडाच्या रेषेच्याही खाली असतो, आणि खवले अतिशय बारीक असतात. हा मासा पाण्यातील सूक्ष्म वनस्पती कल्ल्यांनी गाळून खातो. माझ्या काचेसारख्या स्वच्छ पाण्यात त्याला खायला काहीच नव्हते. मी जे पाणी प्रेमाने निर्मळ ठेवत होतो, त्यातच ते उपाशी मरत होते, हे कळले तेव्हा मला बोलवेना.

मी रंगाची वाट पाहत बसलो आणि अंगाची ठेवण पाहिली नाही. रेनबो माशाच्या पाठीवर एकामागे एक असे दोन पर, म्हणजे पोहण्याचे पंख असतात, पुढचा लहान आणि मागचा लांब. खवले मोठे आणि डोळाही मोठा असतो. अगदी रंगहीन पिल्लातही हे दोन पर नीट पाहिल्यास मोजता येतात. चंदेरा, रोहू, कटला किंवा बार्ब गटातला कोणताही शोभेचा मासा यांच्या पाठीवर एकच पर असतो. पैसे देण्यापूर्वी एका पिल्लाचा बाजूने काढलेला स्पष्ट फोटो मागितला असता आणि पाठीवरचे पर मोजले असते, तर हे सारे टळले असते. आईबापांचा व्हिडिओ दाखवणाऱ्याला आजची तारीख लिहिलेला कागद टाकीशेजारी धरून पिल्लांचा व्हिडिओ पाठवायला सांगावे, असे मी आता सर्वांना सांगतो. माझ्या विक्रेत्याला मी उशिरा तसे सांगितले, आणि त्याच संध्याकाळी त्याचा क्रमांक बंद झाला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे पाठवून दोन महिने होत आले होते. तक्रार तातडीने झाली तर रक्कम पुढे वळवली जाण्याआधी बँकेत गोठवता येण्याची शक्यता असते; माझ्या बाबतीत खात्यात काही उरले नव्हते. ‘रंग नंतर येतो’ या वाक्याने त्याने माशाची ओळखच लपवली नाही, तर माझ्या तक्रारीचे ते मोलाचे दिवसही खाल्ले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही मी नोंद केली आहे.

उरलेले नऊ मासे काका घेऊन गेले. टाकीतला रोग तलावात जाऊ नये म्हणून मी थेट तलावात सोडू नका असे विनवले, ते त्यांना पटले, आणि त्यांनी ते घरामागच्या शेवाळलेल्या, हिरव्या पाण्याच्या सिमेंटच्या टाक्यात ठेवले. पंधरा दिवसांनी पाहायला गेलो तेव्हा सात जिवंत होते आणि त्यांची पोटे भरली होती.

विक्रेत्याने मला पाठवलेल्या व्हिडिओत टाकीच्या तळाशी निळी रेती आहे, डाव्या कोपऱ्यात मोडक्या कडेचे मातीचे मडके आडवे पडले आहे आणि मागे पांढऱ्या भिंतीवर पंख्याची सावली फिरते. हाच व्हिडिओ कोणाला आला तर पैसे पाठवू नयेत, आणि पाठवून झाले असतील तर माशांना रंग येण्याची वाट न पाहता आजच १९३० वर फोन करावा.