रोजच्या सकस जेवणासाठी कोणाचा आधार घ्यावा: जुने पाकपुस्तक, आहारतज्ज्ञाचे पुस्तक की मोबाइलवरची कृती?

सासऱ्यांचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी मीठ व तेल कमी करून भाज्या वाढवायला सांगितले, तेव्हा त्याच रविवारी मी मुलुंडहून दादरला गेले आणि पाककृतींची दोन नवी पुस्तके घेऊन आले. दोन्हींच्या मुखपृष्ठावर ‘आरोग्यदायी’ हा शब्द होता. महिनाभरात दोन्ही पुस्तके कपाटात गेली, कारण एकातल्या निम्म्या कृतींना लागणारे ब्रोकोली, ऑलिव्ह तेल आणि क्विनोआ आमच्या घरी रोज येण्यासारखे नव्हते, आणि दुसऱ्यातल्या कृती चांगल्या असूनही एक पदार्थ किती माणसांना पुरेल हे त्यात कुठेच लिहिलेले नव्हते. त्यानंतरच्या तीन वर्षांत जुनी पाकपुस्तके, आहारतज्ज्ञांची पुस्तके, यूट्यूबवरच्या मराठी वाहिन्या आणि आईची वही यांतल्या कृती मी एकमेकींशेजारी ठेवून करून पाहिल्या. ज्यांना आज हीच निवड करायची आहे, त्यांच्यासाठी ती तुलना येथे मांडत आहे.

पुस्तकांची तुलना करायची तर मोजपट्टी पुस्तकांच्या बाहेरची हवी, आणि ती हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे मिळते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या या संस्थेने २०२४ मध्ये आहाराविषयीची १७ मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांत जे ताट सुचवले आहे, त्यात भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मासे ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असा हिशेब आहे. मिठाची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक लहान सपाट चमचा आहे.

हे आकडे वाण्याच्या यादीशी लावून पाहिले की ते एकदम आपल्या घरचे होतात. दिवसाला २७ ग्रॅम म्हणजे चार माणसांना महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास, साधारण साडेतीन लिटर तेल, आणि त्यातच तूप व लोणीही धरायचे. ज्या घरात पाच लिटरचा डबा महिना अखेरीला रिकामा होतो, त्या घराला कोणत्याही नव्या पाककृतीपेक्षा ही एक वजाबाकी अधिक उपयोगी पडेल. मिठाचा एक किलोचा पुडा चौघांना पन्नास दिवस पुरायला हवा. आणि पापड, लोणचे, फरसाण, पाव यांतून येणारे मीठ त्या पुड्यात नसतेच, म्हणून खरे तर तो त्याहून जास्त दिवस चालला पाहिजे. आमच्याकडे तो महिन्यातच संपत होता, हे पुड्यावर तारीख लिहायला लागल्यावर लक्षात आले.

सर्वांत मोठी तफावत मात्र भाज्यांमध्ये आहे. माणशी ४०० ग्रॅम म्हणजे चौघांना दिवसाला दीड किलोहून थोडी जास्त भाजी. आपण मंडईत उभे राहून सवयीने पाव किलो मागतो, आणि पाव किलो भेंडी चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला साठ-पासष्ट ग्रॅम येतात. म्हणूनच पाककृतींचे कोणतेही पुस्तक हातात घेतल्यावर मी पहिल्यांदा मुखपृष्ठ किंवा छायाचित्रे पाहत नाही. भाज्यांच्या प्रकरणातली कोणतीही एक कृती उघडून भाजी किती, तेल किती आणि माणसे किती, हे तीन आकडे शोधते. तीनही मिळाले तर ते पुस्तक विचारात घेण्याजोगे आहे.

या कसोटीवर जुन्या मराठी पाकपुस्तकांचा निकाल मिश्र लागतो. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याने वाटी-चमच्याचे माप दिल्यामुळे, घरात वजनकाटा नसलेल्या कितीतरी नवशिक्या मुलींना स्वयंपाक जमू लागला. मंगला बर्वे यांचे ‘अन्नपूर्णा’ही अनेक घरांत पिठाच्या डब्याशेजारी असते. अशा पुस्तकांची खरी ताकद त्यांच्या सणाच्या पक्वान्नांत नसून रोजच्या ताटाच्या मांडणीत आहे. आपल्या ताटात डावीकडे कोशिंबीर व चटणी, उजवीकडे भाजी व उसळ, मधे भात किंवा भाकरी आणि वाटीत आमटी असते. या प्रत्येक जागेसाठी भरपूर पर्याय जुन्या पद्धतीच्या पुस्तकांत एकत्र मिळतात. एका भाजीच्या जोडीला कोशिंबीर, आमटीत शेवग्याच्या शेंगा किंवा पालेभाजी आणि रात्री भोपळ्याचे भरीत असे जेवण झाले, तर चारशे ग्रॅमचा आकडा मुद्दाम मोजल्याशिवायही बराच जवळ येतो. आहारतज्ज्ञ जे वेगळ्या भाषेत सांगतात, ते या ताटात आधीपासून आहे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

जुन्या मापांतली अडचण निराळी आहे. वाटी प्रत्येक घरची वेगळी असते. आमच्याकडच्या दोन वाट्या पाणी भरून मोजल्या तेव्हा एकीत १२० आणि दुसरीत १८० मिलिलिटर पाणी मावले. वाटीभर डाळीला याने फारसे बिघडत नाही, पण पळीभर तेल आणि चवीनुसार मीठ या दोन शब्दांत रक्तदाबाच्या रुग्णाचे सगळे पथ्य वाहून जाऊ शकते. शिवाय त्या काळच्या लेखिका ज्या कुटुंबांसाठी लिहीत होत्या, त्या घरांत पाणी भरणे, कपडे धुणे, पाटा-वरवंटा ही कामे हाताने होत असत; आज ठाण्याहून फोर्टला बसून जाणाऱ्या आणि दिवसभर बसूनच काम करणाऱ्या माणसाला तेवढ्या तेला-तुपाची गरज नाही.

हा फरक स्पष्ट दिसावा म्हणून मी मटकीची उसळ तीन ठिकाणांहून केली, कारण मुंबईच्या दमट हवेत मटकीला एका रात्रीत मोड येतात आणि हा पदार्थ आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होतो. जुन्या पद्धतीच्या कृतीत चौघांसाठी तीन मोठे चमचे तेलाची फोडणी, ओल्या खोबऱ्याचे वाटण आणि गुळाचा खडा होता. तीन मोठे चमचे म्हणजे ४५ मिलिलिटर तेल, माणशी साधारण ९० कॅलरी, आणि दिवसभराच्या तेलाच्या वाट्यापैकी तिसऱ्या भागाहून जास्त एकट्या उसळीत संपलेले. आहारतज्ज्ञाच्या पुस्तकातल्या कृतीत दोन लहान चमचे तेल होते आणि दर वाढपामागे कॅलरी व प्रथिने दिलेली होती. मात्र गोडा मसाला आणि आमसूल गाळून त्यांच्या जागी सुकी औषधी पाने आणि लिंबू घातले होते, आणि सासऱ्यांनी ती उसळ एकदा खाऊन पुन्हा मागितली नाही. यूट्यूबवरच्या कृतीत कांदा परतताना कढईच्या कडेला सुटणारे तेल स्वच्छ दिसत होते, पण ते किती घातले हे सांगितलेले नव्हते. शेवटी जुन्या कृतीचा मसाला आणि आमसूल तसेच ठेवून, फोडणीचे तेल तीन लहान चमच्यांवर आणून, खोबरे अर्धे करून आणि शिजताना टोमॅटो व दुधी घालून जी उसळ झाली, ती आता आमच्या घरी कायम आहे. फोडणीत मोहरी नीट तडतडली आणि हिंग-हळद जळली नाही, तर कमी तेलातही वास तोच येतो. हे कोणत्याही पुस्तकाने मला सांगितले नव्हते.

म्हणजे आहारतज्ज्ञांची पुस्तके निरुपयोगी आहेत असे मात्र अजिबात नाही. मुंबईच्याच तरला दलाल यांनी १९७४ मध्ये पहिले पुस्तक लिहिले, पुढे त्यांची पुस्तके शंभरावर गेली आणि २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आरोग्यविषयक पुस्तकांत दर वाढपामागे पोषणाचे आकडे देण्याची पद्धत आहे, आणि ज्याला कार्बोहायड्रेट मोजून खायचे आहे अशा मधुमेहींना ही शिस्त जुन्या पुस्तकांतून मिळत नाही. अशा पुस्तकांतले आकडे पाहताना एवढेच तपासावे, की ते कशाच्या आधारे काढले आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतातल्या ५२८ खाद्यपदार्थांच्या पोषकघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले असून त्यांत ज्वारी, नाचणी, राजगिरा, आपल्या पालेभाज्या आणि मासे सारे आहेत. ज्या पुस्तकाने हे तक्ते वापरल्याचे सांगितले आहे, त्यावर मी अधिक विश्वास ठेवते. मोबाइलवरच्या कॅलरी मोजणाऱ्या ॲपमध्ये मात्र ‘एक चपाती’ एवढेच लिहिलेले असते, आणि ती किती ग्रॅमची हे आपल्यालाच ठरवावे लागते.

व्हिडिओंचे एक मोठेपण मान्य करायलाच हवे: भाकरी. ज्वारीच्या पिठात उकळते पाणी किती घालायचे, पीठ तळव्याखाली कसे मळायचे, थापताना कडा चिरू नयेत म्हणून हात कसा फिरवायचा आणि पाणी लावलेली बाजू तव्यावर कधी उलटायची, हे कागदावर कितीही काळजीपूर्वक लिहिले तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जमत नाही. माझ्या धाकट्या जावेने मोबाइल ओट्याला टेकवून पंधरा दिवसांत भाकरी शिकली, आणि धान्यांत विविधता आणायची असेल तर हे कौशल्य दहा पुस्तकांच्या तोडीचे आहे. पण व्हिडिओंमधले ‘पौष्टिक’ हे विशेषण पारखून घ्यावे लागते. साखरेऐवजी गूळ घातला की पदार्थ सकस झाला, असे तिथे वारंवार ऐकू येते. प्रत्यक्षात गुळाच्या कॅलरी साखरेच्या जवळपास तेवढ्याच असतात आणि मधुमेहीला त्याची मोकळीक नाही. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे, त्यामुळे रक्तदाबासाठी त्याचे माप नेहमीच्या मिठासारखेच धरायचे. दुकानात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकते, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये. ही शेवटची गोष्ट कोणताही सात मिनिटांचा व्हिडिओ सांगेलच, याचा भरवसा नाही.

आईच्या वहीबद्दल थोडेच लिहिते. ती तुलनेत बसत नाही, कारण तिच्यात मापे नाहीत. ‘अंबाडी, कण्या, वरून लसणीची फोडणी’ एवढीच एक ओळ असते. तरी पावसाळ्यात टाकळा, शेवळे, कुर्डू अशा रानभाज्या दादरच्या बाजारात दिसू लागतात, तेव्हा त्या वहीचाच उपयोग होतो, कारण मी पाहिलेल्या नव्या पुस्तकांत त्यांची नावेही नव्हती.

आता निवडीकडे येते. घरात सगळ्यांची प्रकृती ठीक असेल आणि फक्त रोजचे जेवण सुधारायचे असेल, तर माझा स्पष्ट सल्ला असा, की एक जुने विश्वासाचे मराठी पाकपुस्तक घ्यावे आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटाचे आकडे कागदावर लिहून फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावेत. ‘आरोग्यदायी’ असा शिक्का असलेले वेगळे पुस्तक लागत नाही. मधुमेह, वजन किंवा रक्तदाब यांसाठी मोजून खायचे असेल, तर दर वाढपामागे आकडे देणारे आणि आपल्या बाजारात मिळणारे जिन्नस वापरणारे एक पुस्तक त्याच्या जोडीला घ्यावे, पण पथ्य आपल्या आहारतज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावे. स्वयंपाकाला नुकतीच सुरुवात केली असेल, किंवा एकटे राहून डबा करायचा असेल, तर भाकरी, कणीक, कुकरच्या शिट्ट्या आणि फोडणी या हाताच्या गोष्टी व्हिडिओवरून शिकाव्यात आणि मापे मात्र पुस्तकातून घ्यावीत. संध्याकाळी साडेसातला घरी पोहोचून साडेआठला ताट वाढायचे असते तेव्हा वीस जिन्नसांची कृती, मग ती कितीही सकस असो, होत नाही. म्हणून पुस्तक निवडताना पन्नास मिनिटांत भाजी, कोशिंबीर आणि आमटी उभी राहील अशा कृती त्यात किती आहेत, हे मोजून पाहावे.

विकत घेण्याआधी पुस्तक पंधरा दिवस घरी ठेवता आले तर उत्तम. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, आणि उपनगरांतल्या वाचनालयांतही पाककृतींचे कपाट असतेच. तिथून पुस्तक आणून त्यातल्या पाच साध्या कृती, भाज्यांच्या तीन आणि कडधान्यांच्या दोन, आपल्या घरच्या वाटीने करून पाहाव्यात. पाचांपैकी तीन घरच्यांनी पुन्हा मागितल्या तर पुस्तक विकत घ्यावे. मग प्रत्येक कृतीच्या समासात आपण प्रत्यक्ष घातलेले तेल लहान चमच्यांत, मीठ अर्ध्या-पाव चमच्यांत आणि भाजी ग्रॅममध्ये पेन्सिलने लिहून ठेवावी. पेनने लिहू नये, कारण पुढच्या वेळी तेल आणखी अर्ध्या चमच्याने कमी करायचे असते.