एक घर, दोन एजंट आणि 'दुसरी पार्टी'

पहिला एजंट: पाचपैकी साडेतीन. दुसरा: एक, तोही फोन पहिल्या रिंगला उचलतो म्हणून.

विकत घ्यायला म्हणून दोघांच्या जाहिरातींत पाहिलेलं घर एकच होतं, पण ते कळायला मला आठवडा लागला. एका जाहिरातीत क्षेत्रफळ बाल्कनी धरून दिलेलं, दुसरीत सोडून. किमतीत फरक, फोटोही वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले. शेवटी ओट्यामागच्या टाइलने चुगली केली. कोपरा उडालेला, त्यावर पांढरं सिमेंट थापलेलं. दोन्हीकडे तीच टाइल!

तोवर मी दोघांकडे चौकशी करून बसले होते. पहिल्याने घर दाखवलं, कपाट सरकवून मागची ओल स्वतःहून दाखवली आणि भेटीच्या कागदावर तारीख टाकून सही घेतली. सही कशाला, असं मला वाटलं होतं. पण घर दोघा-तिघांकडे दिलेलं असलं की बहुतेक वेळा ज्याच्यामार्फत सौदा होतो त्यालाच कमिशन, बाकीच्यांची पायपीट फुकट. म्हणून गिऱ्हाईक आधी कोणी आणलं याचा पुरावा प्रत्येकाला हवा असतो. वाद झाला आणि दोघांनीही हक्क सांगितला, तर मालकाची पंचाईत.

ऑफर मी पहिल्याकडूनच दिली. दोन दिवसांनी दुसऱ्याचा फोन: "मॅडम, घाई करा. एक पार्टी तयार आहे. थोडं वर गेलात तर तुमचं काम होऊन जाईल."

"किती म्हणतेय पार्टी?"

त्याने आकडा सांगितला. माझाच! शेवटी गोल शून्यं नकोत म्हणून मी मुद्दाम विचित्र आकडा दिला होता, तो जसाच्या तसा. नवरा म्हणाला, "म्हणजे आता आपण आपल्यालाच हरवायचं?"

इथवर मी दुसऱ्या एजंटाला दोष देत नाही. मालकाने नाव न सांगता नुसता आकडा सांगितला असेल, आणि त्याला खरंच वाटलं असेल की दुसरं कोणी आहे. पण ती पार्टी मीच आहे हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग त्यांना नाही म्हणून टाका, माझ्याकडून करा, मालकाला मी खाली आणतो." याच मालकासाठी मला वर चढवायला त्याने फोन केला होता! तिथे त्याचे गुण गेले.

त्याच संध्याकाळी दोघांनाही एकच मेसेज टाकला: घर कोणी दाखवलं, कधी, ऑफर कोणामार्फत दिली. ही प्रत मालकालाही द्या, असं पहिल्याला सांगितलं. त्यानंतर 'दुसऱ्या पार्टी'चं नाव कोणी काढलं नाही.

पहिल्याचे दीड गुण का कापले? घर आणखी एकाकडे आहे हे त्याने सांगितलंच नव्हतं. विचारल्यावर म्हणतो, "तुम्ही विचारलं कुठे?"

राहायला येऊन महिना झाला. टाइल बदलून घेतली. दुसऱ्याच्या जाहिरातीत मात्र घर अजून विकायला आहे, तुटक्या टाइलसकट.