लिस्बन, दर वेळी तीन दिवस: चार खेपांनंतरचा अनुभव

शुक्रवारी रात्री उतरायचं आणि सोमवारचं विमान धरायचं, अशा दहा महिन्यांतल्या चार खेपांनंतर लिस्बनबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगता येते. दिवस जेवणाच्या वेळेवर बांधा आणि बघायच्या जागा त्याच्या आजूबाजूला बसवा. उलटं केलं की दोन्ही हुकतं. इथल्या साध्या खानावळी, म्हणजे ताश्का, दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास जेवण वाढतात. मग स्वयंपाकघर बंद होतं ते थेट संध्याकाळी साडेसातपर्यंत. चार वाजता किल्ल्यावरून भुकेनं उतरलात तर फोटोंचं मेन्यूकार्ड दारात लावलेली दुकानंच उघडी मिळतील. शिवाय बऱ्याच ताश्का रविवारी बंद. म्हणून तीन दिवसांतलं मुख्य जेवण शनिवारी दुपारचं, हे आधीच ठरवून टाका.

प्रवासासाठी मेट्रो स्टेशनच्या यंत्रातून नावेगांत कार्ड घ्या. रिकामं कार्ड अर्ध्या युरोला मिळतं, वर्षभर चालतं, त्यामुळे घरी जपून ठेवा. प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं. त्यावर पैसे भरून ठेवले, ज्याला तिथे 'झॅपिंग' म्हणतात, की दर फेरीला सुटं तिकीट काढण्यापेक्षा थोडं स्वस्त पडतं. चोवीस तासांचं तिकीट सात युरोंच्या आसपास आहे. ते पहिल्यांदा टेकवल्यापासून पुढचे चोवीस तास चालतं, त्यामुळे शनिवारी दुपारी सुरू केलं तर रविवार सकाळही त्यातच भागते. पाच फेऱ्या होणार नसतील तर झॅपिंगच बरं. चूक होते ती अशी: कार्डावर झॅपिंगचे पैसे शिल्लक असताना चोवीस तासांचं तिकीट त्याच कार्डावर चढत नाही. यंत्रासमोर रांग अडवून उभे असलेले अर्धे पर्यटक याच कोड्यात असतात. दोन कार्डं ठेवा आणि पेनानं खूण करा.

२८ नंबरची पिवळी ट्राम. हो, बसा, पण मार्तीम मोनीझच्या टोकाला नाही. तिथे दहानंतर तासभर रांग लागू शकते आणि डबा लहान. दुसऱ्या टोकाला, प्राझेरेशला, सकाळी लवकर चढलं तर खिडकी मिळते. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात, हे आपल्याला मुंबईच्या लोकलनं शिकवलेलंच आहे. ३ सप्टेंबर २०२५ ला ग्लोरिया या चढावरच्या केबल-गाडीला अपघात होऊन १६ माणसं गेली. त्यानंतर अशा इतर गाड्याही तपासणीसाठी बंद ठेवल्या होत्या, तेव्हा त्यांच्या भरवशावर बेत आखू नका. किल्ल्याचा चढ टाळायचा असेल तर बायशा भागातल्या रुआ दुश फांकेइरुश रस्त्यावरच्या एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे. ती वरच्या रस्त्यावर सोडते. तिथून थोडं चालून, सुपरमार्केटच्या वरच्या पार्किंग इमारतीतली दुसरी लिफ्ट किल्ल्याच्या पायथ्याशी नेते. फरसबंदी चुनखडीच्या गुळगुळीत दगडांची आहे. पाऊस पडला की चपटे तळवे सरळ घसरतात, तेव्हा खाचांचे बूट हवेत.

बेलेम भागात जायला ट्रामपेक्षा काइश दु सोद्रे स्टेशनहून लोकल बरी, सात-आठ मिनिटांत पोचते. जलद गाडी मात्र तिथे थांबत नाही, फलक बघून चढा. तिथला जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो. वास्को द गामाची कबर मठाच्या चर्चमध्ये आहे आणि तिथे प्रवेश फुकट. आतल्या नक्षीदार चौकाला तिकीट लागतं, त्याची रांग वेगळी. फुकटच्या रांगेत तिकीटवाले आणि तिकिटाच्या रांगेत फुकटवाले, हा घोळ रोजचा. शेजारचं १८३७ पासूनचं पाश्तेलचं, म्हणजे पापुद्र्याच्या वाटीत कस्टर्ड भरून भाजलेल्या गोडाचं, दुकान बाहेरून गच्च दिसतं, पण ती रांग बांधून नेणाऱ्यांची असते. आत मोठमोठ्या खोल्या आहेत, सरळ आत जाऊन टेबल शोधा. दालचिनी आणि पिठीसाखर वरून भुरभुरवून गरम खायचं. इतर दुकानांत त्याच पदार्थाला 'पाश्तेल द नाता' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर शिआदु भागातले ताज्या घाण्याचे नाता तितकेच चांगले लागतात.

आता जेवण. बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, लोणी, चीज समोर येतं. हे 'कुवेर', फुकट नाही. नको असेल तर हात लावायच्या आधी परत पाठवा, मग बिलात येत नाही. 'प्रातु दु दिआ' म्हणजे आजची थाळी, तीच मागा, कारण तीच सकाळी ताजी रांधलेली असते. पूर्ण 'दोझ', म्हणजे एक वाढप, दोघांना पुरतो, एकट्यानं 'मेया दोझ', म्हणजे अर्धा, घ्यावा. ताज्या माशाची किंमत बहुतेकदा किलोवर लिहिलेली असते. भाजायला टाकण्याआधी वजन विचारा, नाहीतर बिल पाहून घास अडकतो. सार्डिन जून ते सप्टेंबरातच खा, हिवाळ्यात मिळतात त्या बर्फातल्या. त्या जाड मीठ लावून, पोट साफ न करता भाजतात, म्हणून वरचं मांस काट्यानं सोलून घ्यायचं आणि खालचा तेल प्यायलेला पाव शेवटी.

बाकाल्याव म्हणजे खारवलेला कॉड. हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही, नॉर्वे-आइसलंडकडून येतो, तरी राष्ट्रीय पदार्थ हाच. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात. भिजवण कमी पडलं तर पहिल्याच घासाला कळतं. सुरुवात 'आ ब्राश'नं करा: माशाच्या तारा, काडीसारखे तळलेले बटाटे, अंडं. सुक्या मासळीवर वाढलेल्या कोकणी जिभेला तो लगेच आपला वाटतो.

शाकाहाऱ्यांनी जपून. काल्दु व्हेर्द हे कोबीच्या जातीच्या हिरव्या पानांचं सूप, पण त्यात सॉसेजची चकती ठरलेली. ती काढायला सांगितली तरी रस्सा मांसाचा असू शकतो. 'शामूसा' दिसला की हात पुढे होतो. तो गोव्याच्या वाटेनं गेलेला समोसाच, पण आत बहुधा खिमा. भरवशाचा पदार्थ एकच, 'पेइशिन्युश दा ओर्ता', शब्दशः 'मळ्यातले छोटे मासे'. मासा नाही, फरसबीची भजी. पिठात मात्र अंडं असतं. मेन्यू वाचताना मराठीचा उपयोग होतो: बटाटा, पाव, अननस, कोबी हे शब्द तिथूनच आले, त्यामुळे अर्धी थाळी भाषांतराविना कळते. 'व्हिन्या दाल्युश' (वाईन-लसणाचं मुरवण) वाचलं की गोव्याचं विंदालू ओठावर येतंच.

छोट्या एस्प्रेसो कॉफीला तिथे 'बीका' म्हणतात, काउंटरशी उभ्यानं प्यायली की स्वस्त. काही छोट्या खानावळी परदेशी कार्ड घेत नाहीत, वीस-तीस युरो रोख हवेच.

परतताना मेट्रो साडेसहाला सुरू होते, पहाटेच्या विमानाला टॅक्सीच. सहा नाता बांधून आणायचे तर हवाबंद डब्यात भरू नका, वाफेनं पापुद्रा मऊ पडतो. दुसऱ्या दिवशी दोनशे अंशांवर पाच मिनिटं ओव्हनमध्ये. मायक्रोवेव्हमध्ये मात्र कधीच नाही.