थेट बाद फेरी की आधी गट? सुपर कपचे दोन हंगाम

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे १६ संघांची फुटबॉल स्पर्धा भरवायची, तर पहिला वाद आराखड्यावरच होतो. भारतातल्या क्लबांच्या सुपर कपने दोन्ही वाटा चालून दाखवल्या आहेत.

जानेवारी २०२४, भुवनेश्वर: चार-चार संघांचे चार गट, गटविजेता थेट उपांत्य फेरीत. साखळीचे २४ आणि नंतरचे ३, असे २७ सामने. ईस्ट बंगालने जादा वेळेत ओडिशाला ३-२ हरवून करंडक जिंकला. एप्रिल २०२५ मध्ये तिथेच थेट बाद फेरी झाली आणि तोच गतविजेता पहिल्याच सामन्यात केरळा ब्लास्टर्सकडून ०-२ हरून बाहेर! चर्चिल ब्रदर्सने माघार घेतल्याने मोहन बागानला पुढे चाल, म्हणजे न खेळताच पुढची फेरी मिळाली. करंडक एफसी गोवाचा.

मैदान एकच आणि रोज दोन सामने असतील, तर १६ संघांच्या बाद फेरीचे १५ सामने आठ दिवसांत उरकतात. गटपद्धतीच्या २७ ना चौदा दिवस लागतात. शिवाय गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवावे लागतात, नाहीतर नंतर खेळणाऱ्यांना सोयीचा निकाल आधीच कळतो. दुसरे मैदान नसेल तर इथेच गाडी अडते.

१६ जागांच्या बाद फेरीत ११ च संघ आले तर १६ वजा ११, म्हणजे पाच संघांना पुढे चाल. पहिल्या फेरीत फक्त तीन सामने. हिवाळ्यात साडेचारला सुरू झालेला सामना जादा वेळेत गेला की अंधार पडतो. म्हणून बरोबरी झाल्यास थेट पेनल्टी, हे नियमावलीत आधीच छापा.

लांबून येणाऱ्या पोरांना किमान तीन सामने मिळावेत म्हणून, दोन मैदाने असतील तर आम्ही गटच निवडू.