लॉरा, सिव्हिक की थ्री सिरीज? दीड लाख पळालेली गाडी कोल्हापुरात सांभाळायची तर

जुनी पण पळणारी सेडान घ्यायची म्हणून कुणी विचारायला आलं, की फिरून फिरून तीनच नावं पुढं येतात. स्कोडाची लॉरा १.८ टीएसआय, त्यातही नशीब जोरावर असेल तर तिची स्पोर्टी आवृत्ती व्हीआरएस. होंडाची २००६ ते २०१३ मधली सिव्हिक. आणि बीएमडब्ल्यूच्या थ्री सिरीजमधली, ई-९० पिढीतली ३२०डी. शोरूममधून बाहेर पडताना पहिल्या दोघी आणि बीएमडब्ल्यू यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. आज जुन्या बाजारात त्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि गोंधळ तिथंच सुरू होतो. गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या पार्टची किंमत उतरत नाही. थ्री सिरीज आज कितीलाही मिळू दे, तिचा पंप थ्री सिरीजच्याच भावानं येतो.

माझ्याकडे लॉरा आहे, १ लाख ८६ हजार रनिंग झालेली. मेव्हण्याकडं सात वर्षं सिव्हिक होती, तिचं निम्मं काम माझ्यासमोर झालं. ३२०डी एका जवळच्या मित्राची. ती गॅरेजला असली की त्याला आणायला-सोडायला मीच जातो, त्यामुळं तीही जवळून पाहिली आहे. तेव्हा हा आढावा तिन्ही गाड्यांचं ग्रीस बोटांना लागलेल्या माणसाचा आहे, पण निःपक्षपाती आहे असं म्हणणार नाही.

आधी गाव समजून घेऊ, कारण ही तुलना पुण्यात किंवा मुंबईत केली तर उत्तर वेगळं येईल. कोल्हापूर लोखंडाचं गाव आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फाउंड्र्या आणि मशीनशॉपची इतकी दाटी आहे, की इंजिनाचा धातूचा भाग हा इथं कधीच अडचणीचा विषय नसतो. मेनन पिस्टन इथलं, मेनन बेअरिंग्ज इथलं. हेडला फेसिंग मारायचं, ब्लॉक बोअर करायचा, क्रँक ग्राइंड करायचा, हेडमध्ये तुटून बसलेला बोल्ट थ्रेड न बिघडवता काढायचा, ही कामं उद्यमनगरात सकाळी दिली तर बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी हातात मिळतात, तीही मायक्रॉनची भाषा बोलणाऱ्या माणसाकडून. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा लोक मोबाइल वर करतात; मी मात्र दरवेळी हाच विचार करतो, की या गाडीत एकही सेन्सर नाही, म्हणून ती अजून येते.

उलट बाजूही तेवढीच खरी. कंट्रोल युनिट, गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक्स, कोडिंग, कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय न बोलणारे मोड्यूल, यांत आपलं गाव कच्चं. स्कॅनर आता बऱ्याच गॅरेजात आहेत, पण बहुतेक ठिकाणी ते बिघाडाचे कोड वाचतात आणि पुसतात. कोड का आला, ते सांगणारा मेस्त्री विरळा. मग गाडी फ्लॅटबेडवर टाकायची आणि पुणे गाठायचं, २३० किलोमीटर, त्यात सातारा-कागल टप्प्यातलं सहापदरीकरणाचं काम. म्हणून माझा पहिला प्रश्न ‘कुठली गाडी भारी?’ हा नसतो. म्हातारपणी हिचा आजार लोखंडाचा निघणार की वायर-प्लॅस्टिकचा, हे मी आधी बघतो.

लॉरापासून सुरुवात करतो, कारण तिच्याबद्दल बोलायला सगळ्यात जास्त आहे. १.८ टर्बो पेट्रोल, १६० पीएस, २५० न्यूटन-मीटर, आणि तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, १५०० आरपीएमपासूनच हजर. गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलात, समोर शंभर मीटर मोकळे दिसले, तर तिसऱ्या गिअरमध्येच काम होतं. सिव्हिकला तिथं दुसरा टाकून इंजिन ओरडवावं लागतं. या एका गोष्टीसाठी माणसं लॉरा घेतात आणि मी त्यांना दोष देत नाही.

या इंजिनाचे आजार जगजाहीर आहेत. पहिला टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग. तो ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की दाब उतरतो, आणि सुरुवातीच्या बनावटीचा टेन्शनर तेव्हा मागं सरकू शकतो. सकाळी स्टार्टर मारताना चेन ढिली असते. एखादा दात जरी सरकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड खोलावं लागतं. लक्षण एकच, थंड इंजिन चालू करताना पहिले एक-दोन सेकंद येणारा खळखळाट. कंपनीनं पुढं टेन्शनर सुधारला. जुना आहे की नवा, हे चेनच्या खालच्या कव्हरवरचं रबरी बूच काढून बघता येतं; स्कॅनर चांगला असेल तर कॅम किती अंशानं सरकलाय तेही दिसतं. एक बारीक सवय: उतारावर गाडी नुसत्या गिअरवर लावू नका. गाडी मागं ओढली जाऊन इंजिन उलटं फिरलं तर या चेनला ते मानवत नाही. हँडब्रेक ओढा, वर चाकाला दगड लावा, अगदी एसटीवाल्यासारखा.

दुसरा आजार ऑइल खाण्याचा. पिस्टनच्या ऑइल रिंगा बारीक, त्यांची भोकं काजळीनं बुजतात. इथं मी स्वतः माती खाल्ली आहे. गोव्याहून येताना आंबोली चढून आल्यावर ऑइलचा दिवा लागला, आणि मी शेवटची डिपस्टिक कधी ओढली होती ते मला आठवेना. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक आणि डिकीत एक लिटरचा डबा, हा नियम. तिसरा आजार, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्यामुळं इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलनं कधी धुतलेच जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बनचा थर चढतो. तो काढायला अक्रोडाच्या टरफलाचा भुसा हवेच्या दाबानं मारतात. अक्रोड नसेल तर हातानं खरवडूनही निघतो, फक्त मेस्त्रीला वेळ आणि सबुरी पाहिजे. याशिवाय वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर गळतं, इग्निशन कॉइल जातात. ते किरकोळात धरा.

आता हे सगळं उद्यमनगरच्या चष्म्यातून बघा. चेन, पिस्टन, रिंगा, हेड, व्हॉल्व्ह, म्हणजे बहुतांश लोखंड. माझ्या गाडीची चेन-टेन्शनर मी खळखळाट व्हायच्या आधीच बदलून घेतले, मजुरीसकट साठ हजारांच्या आसपास गेले. त्यानंतर झोप चांगली लागते. अट एकच, गाडी मॅन्युअल गिअरची घ्या. व्हीआरएस मॅन्युअलच होती, ते एक बरं. स्कोडाचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दीड लाखानंतर घेणं म्हणजे मेकॅट्रॉनिक युनिटवर, त्याच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूवर, पैज लावणं, आणि ती पैज हरलात की थेट पुणे.

सिव्हिकबद्दल लिहायला कमी आहे आणि हेच तिचं कौतुक. १.८ पेट्रोल, टर्बो नाही, १३२ पीएस. इथंही चेनच आहे, पण तिच्यावर ओळी खर्च कराव्यात असा तिचा लौकिक नाही. टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट, फीलर गेजनं हातानं करायचं, ते ४०-५० हजारांत एकदा तपासून घेतलं तर इंजिन शिवणयंत्रासारखं चालतं. म्हातारपणी जातात ती इंजिन माउंटिंग, लोअर आर्मचे बुश, शॉकअप, एसीचा कॉम्प्रेसर. सगळी कुठल्याही बऱ्या गॅरेजातली कामं. ताकद मात्र वर आहे. चार हजार आरपीएमच्या खाली ती साधी घरगुती गाडी वाटते, वर गेली की स्वभाव बदलतो. रोज शहरात चालवणाऱ्याला हा स्वभाव महिन्यातून एकदा भेटेल, तोही हायवेला.

तिचा खरा शत्रू कोल्हापूर महापालिकेचा गतिरोधक. पाच माणसं बसली की पोट घासतं. खरेदीआधी गाडी रॅम्पवर चढवून खालून बघाच, सायलेन्सरचा पाइप आणि इंजिनाखालचं कव्हर किती ठोकरलंय त्यावरून मालक कसा चालवत होता ते कळतं. दुसरं म्हणजे टकाटा एअरबॅगचा रिकॉल. होंडानं भारतात या पिढीच्या सिव्हिकसुद्धा परत बोलावल्या होत्या. चेसिस नंबर होंडाच्या साइटवर टाकला की काम झालंय का ते कळतं, आणि राहिलं असेल तर ते फुकट होतं. हे न बघता गाडी घेऊ नका, कारण एअरबॅग फुगवणारा तो इन्फ्लेटर फुटला तर धातूचे तुकडे तोंडावर येतात.

आणि ३२०डी. चालवायला तिघींत उजवी, यात वादच नाही. मागच्या चाकांना जोर, स्टिअरिंग हातात बोलतं, १७७ किंवा नंतरच्या गाड्यांत १८४ पीएस, आणि डिझेल असल्यामुळं लांबच्या प्रवासात ॲव्हरेजही खिशाला झेपतं. पुण्याला जाऊन त्याच दिवशी परत यायचं असेल तर मी माझी लॉरा सोडून मित्राची गाडी मागतो.

तिचा मोठा आजारही चेनचाच, पण जागा बघा. या एन-४७ इंजिनाची चेन मागं, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवली आहे. लॉराची चेन इंजिन जागेवर ठेवून बदलता येते. इथं इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोहोचत नाही. पार्टचे पैसे एकवेळ सोसतील, मजुरी सोसत नाही. पुढं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टर प्लॅस्टिकच्या ऑइल पॅनमध्येच मुरलेला, म्हणजे फिल्टर बदलायचा तर अख्खा पॅन. रनफ्लॅट टायर, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर धावणारे, म्हणून स्टेपनी नाही, आणि खड्ड्यात आदळून साइडवॉलला फुगवटा आला तर टायर भंगारात. बॅटरी बदलली तर गाडीला सॉफ्टवेअरमधून ‘नवी बॅटरी बसवली’ असं सांगावं लागतं. मित्राच्या गाडीला एका गॅरेजनं ते न करताच बॅटरी बसवून दिली आणि चार्जिंगचा घोळ निस्तरेपर्यंत दोन फेऱ्या पुण्याला झाल्या. गॅरेजवाल्याचं लोखंडाचं काम उत्तम होतं. विषय त्याच्या हाताबाहेरचा होता, इतकंच.

तिन्ही गाड्यांना लागू असलेली एक गोष्ट इथलीच, पुराची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेली. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, व्हीनस कॉर्नर या भागांत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. एमएच ०९ पासिंगची गाडी असेल तर सीटचे रूळ, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याचं शेवटचं टोक, डिकीत स्टेपनीची खळगी आणि गालिच्याखालचे वायरिंगचे कनेक्टर बघा. बारीक गाळ धुतला तरी कोपऱ्यात राहतोच. सिव्हिक बुडालेली असेल तर विचार करता येईल. थ्री सिरीज बुडालेली असेल तर चहासुद्धा पिऊ नका, निघा.

कागदपत्रांचं थोडक्यात: खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते. कारसाठी ही फी एप्रिल २०२२ मध्ये ५,००० रुपये झाली होती, आजची विचारून घ्या; वर हरित कर. दिल्लीचा दहा-पंधरा वर्षांचा नियम इथं नाही, त्या अफवेपोटी भाव पाडून मिळत असेल तर खुशाल घ्या. पेट्रोल गाड्यांना आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा विचार करावा लागतो. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्या बदलून घ्या आणि टाकी अर्धी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका, इथेनॉल पाणी ओढतं. या बाबतीत डिझेलवाला मित्र मला चिडवतो.

मग घ्यायची कुठली? घरात हीच एकटी गाडी असेल, सकाळी पोरांना शाळेत सोडायचं असेल, तर सिव्हिक. गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवला तरी पुरेल. घरात दुसरी गाडी आहे, एखादा शनिवार गॅरेजच्या स्टुलावर बसून काढायला आवडतो, ओळखीचा मेस्त्री आहे, तर मॅन्युअल लॉरा, आणि किमतीच्या निम्मी रक्कम हाताशी. ३२०डी घ्यायची तर जेवढ्याला गाडी तेवढेच पैसे बँकेत पाहिजेत, आणि पुण्यात राहणारा एखादा चुलतभाऊ पाहिजे. माझ्या मित्राकडं दोन्ही आहे, म्हणून तो सुखी आहे.

बघायला जाल तेव्हा सकाळी सातलाच जा. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ‘आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ गेल्यावर हात मिळवायच्या आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर म्हणा, आम्ही उद्या येतो. गार असेल तर एकानं चावी फिरवायची, दुसऱ्यानं इंजिनाजवळ कान लावायचा, आणि पहिले दोन सेकंद कुणी बोलायचं नाही.